गर्लिंगसाहेबांचा टोच्या

क्लेमंट गर्लिंग हा पेलमार्शच्या खाडीतला सगळ्यांत शूर खलाशी होता. हे मत खुद्द त्याचं, आणि शनिवारच्या दुपारपुरतं ते अगदीच खोटं होतं असंही नाही. क्लबच्या शर्यतीची तोफ उडाली (तोफ कसली, खिडकीच्या कट्ट्यावर मावेल एवढी पितळी ठेंगणी वस्तू ती) की क्लेमंटच्या अंगात काहीतरी संचारायचं. एरवी चहात साखर ढवळताना चमचा कपाला लागू न देणारा हा गृहस्थ, सुकाणू हाती आलं की शेजारच्या होडीवाल्याच्या सात पिढ्या उद्धरायचा.

"हट, हट! वाट माझी आहे! नियम वाचलेत का कधी, का नुसती शिडं वाळत घालायला आलात?"

समोरच्या बिचाऱ्याला नियम आठवेपर्यंत क्लेमंट त्याचा वारा तोडून पुढे गेलेला असे. घरी दिवाणखान्यातल्या कपाटात चांदीचे चमचे, चांदीच्या बश्या, चांदीचं एक मोहरीचं भांडं अशी बक्षिसांची रांग लागली होती. आता इतके चमचे जिंकणाऱ्या माणसाला भित्रा कोण म्हणेल? कोणी म्हणत नव्हतं. तीच तर सगळी गंमत.

त्याच्या होडीचं नाव लॅपविंग, म्हणजे टिटवी. पहिल्या महायुद्धानंतर बांधलेली, ओकच्या बरगड्या, पाइनच्या फळ्या, आणि वर वॉर्निश असं की त्यात बघून भांग पाडावा. होडी मुळात त्याच्या बायकोच्या, एनिडच्या वडिलांची. म्हातारा गेला तेव्हा ती एनिडकडे आली आणि एनिड क्लेमंटकडे आधीच आलेली होती, त्यामुळे होडीही ओघानंच क्लेमंटची झाली. टिटवीदेखील समुद्र आटवते म्हणतात. या टिटवीनं समुद्र आटवायचा तर राहोच, वीस वर्षांत त्याचं तोंडसुद्धा पाहिलं नव्हतं.

कारण खाडीच्या मुखाशी रेतीचा दांडा आहे. भरतीला तो पाण्याखाली जातो, पण त्याच्यावर लाटा फुटत राहतात आणि त्यांचा आवाज क्लबच्या गच्चीपर्यंत येतो. दांड्याच्या अलीकडे खाडी, पलीकडे उत्तर समुद्र. शर्यतीचा शेवटचा बोया, म्हणजे वळायची तरंगती खूण, दांड्याच्या अलीकडे, आणि त्या बोयाला वळसा घालण्यात क्लेमंटचा हात धरणारा कोणी नव्हता. इतक्या झटक्यात वळायचा की बघणारे टाळ्या वाजवायचे. वळून आला की चेहरा असा फुललेला, जणू मरणाच्या दारातून परत आलाय. लोक म्हणत, काय ही शर्यतीची नशा!

आता आमच्या क्लबाची एक रीत आहे. दर वर्षी मे महिन्याच्या अखेरीस जमतील तेवढ्या होड्या मिळून हॉलंडला जातात. त्याला कोणी हॉलंड म्हणत नाही, 'समोर' म्हणतात. "यंदा समोर जाणार का?" "हो, चीज संपलंय." इतकं साधं बोलणं. एक दिवस, एक रात्र, आणि पहाटे पलीकडचा किनारा. एनिड सतरा वर्षांची असताना वडिलांबरोबर समोर गेली होती. पहाटे सुकाणू तिच्या हातात होतं. आधी समुद्रातून देवळाचा मनोरा वर आला, मग झाडं, आणि जमीन दिसली ती सगळ्यांत शेवटी. बंदरात पोचल्यावर वडिलांनी तिला लोणी-साखर घातलेलं धिरडं खाऊ घातलं आणि तिथल्या लोकांना सांगितलं, हिनं आणलं मला. बास. एवढंच एनिडला परत हवं होतं. फार मोठं मागणं नव्हे. बायका हिरे मागतात, हिनं धिरडं मागितलं.

"पुढल्या वर्षी नक्की," क्लेमंट म्हणायचा.

इप्सविचच्या एका विमा कचेरीत त्यानं हयात काढली होती. कुठल्या घराला आग लागेल, कुठल्या म्हाताऱ्याचा पाय जिन्यात घसरेल, हे आधीच ओळखायचं हा त्याचा धंदा. अशा माणसाला समुद्रात काय काय दिसत असेल! नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, तशी लॅपविंगच्या हॉलंडला. एका वर्षी वारा पूर्वेचा, म्हणजे तोंडावर. दुसऱ्या वर्षी वाराच नाही. एकदा डोलकाठीला चीर सापडली, ती नंतर केस निघाली, ब्रशचा. एकदा होकायंत्रावर भरवसा राहिला नाही. एकदा बेत अगदी ठरला, सामान भरलं, आणि निघायच्या दिवशी क्लेमंटनं नाक वर करून हवेत हुंगलं आणि म्हणाला, "कुजल्याचा वास येतोय." वास खारवलेल्या हेरिंगचा होता. पण तो कळेपर्यंत भरती निघून गेली होती.

यातूनच टोच्या आला. लाकडी होडीवाल्यांचा हा जुनाच रिवाज. फळीला टोच्या टोचून बघायचा. घट्ट लागला तर लाकूड ठणठणीत, आत शिरला तर कुजलं. वर्षातून एकदा, होडी जमिनीवर असताना, संशय येईल तिथे हलक्या हातानं टोचावं, एवढाच त्याचा उपयोग. क्लेमंटनं त्याचं व्रत करून टाकलं. दर मे महिन्यात तो तोंडात बॅटरी धरून होडीच्या पोटात गुडघ्यांवर रांगायचा आणि टोच, टोच, टोच. त्याच फळ्या, त्याच जागा. आणि माणसात काय, लाकडात काय, खोट काढायचीच म्हटली तर निघतेच. एका वर्षी त्यानं एक चांगली ठणठणीत फळी 'आत काय आहे बघूया' म्हणून उपटून काढली. आत तशीच ठणठणीत फळी होती. पण फळी नसलेली होडी समोर कशी जाणार?

क्लबातले लोक हे ऐकून मान डोलवायचे. बेसिल पेटिट, आमचा कमोडोर म्हणजे क्लबप्रमुख, गालांवर पांढरे कल्ले राखणारा गोड माणूस, जिनच्या ग्लासात बघत म्हणायचा, "शहाणपण केलंस, क्लेमंट. जिवापेक्षा का काही जास्त आहे?" मग सगळे आपापल्या ग्लासात बघायचे. पुढे त्यांनी क्लेमंटला सुरक्षा समितीचा अध्यक्ष केलं. दर हिवाळ्यात तो क्लबात भाषण द्यायचा, विषय 'भर समुद्रात वादळ झाल्यास'. खडूनं लाटा काढायचा. समोर पंचवीस-तीस वेळा जाऊन आलेली माणसं खुर्च्यांत बसून मुकाट ऐकायची आणि शेवटी टाळ्या वाजवायची. नाचता येईना त्याला अंगण वाकडं, पण इथे न नाचणाऱ्यालाच नाचाचा मास्तर नेमलेला.

एनिडला हे कसं कळलं नाही, असं कोणी विचारेल. तिचं उत्तर साधं होतं: ती नवऱ्याला चिकित्सक समजत होती. ज्या माणसाचा रुमालसुद्धा चौकोनी घडीशिवाय खिशात जात नाही, तो होडीची घडी नीट बसल्याशिवाय कसा निघेल? खोट लाकडात आहे, तर लाकूड सुधारूया. म्हणून दर हिवाळ्यात ती खरवडायची, घासायची, रंगवायची. हातांना वॉर्निशचा वास कायमचा बसला होता. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा मात्र तिनं मनाशी ठरवलं, आता यंदा.

त्या वर्षी एप्रिलमध्ये क्लेमंटची बहीण हॅरोगेटला बाथरूममध्ये पडली आणि तिचं कंबरेचं हाड मोडलं. क्लेमंट तिच्या शुश्रूषेला गेला. इकडे एनिडनं त्याची पाठ वळताच डल्सी फिस्कला बोलावलं. डल्सी म्हणजे शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झालेली विधवा, तोंडात सिगारेट, पायात मेलेल्या नवऱ्याचे बूट, आणि समोर इतक्या वेळा गेलेली की तिथल्या बंदरातली कुत्री तिला ओळखत. दोघींनी मिळून लॅपविंगच्या फटींत कापूस ठासला, पोट रंगवलं, आणि क्रेन बोलावून होडी पाण्यात सोडली. हिवाळाभर वाळलेली लाकडी होडी पाण्यात घातली की चाळणीसारखी गळते. लाकूड फुगून फटी मिटेपर्यंत उपसत बसावं लागतं. क्लेमंटला या गळण्याची भारी लाज वाटायची. या दोघी मात्र पंप मारत, चहा पीत, सगळ्या गावाची निंदा करत मजेत बसल्या. दोन दिवसांत होडीचं पोट आतून कोरडं ठणठणीत झालं.

मेच्या अखेरीस क्लेमंट परत आला तो धक्क्याला लागलेली लॅपविंग बघून जागीच उभा राहिला. डोलकाठी उभी, दोर ओढलेले, शिडं बांधलेली.

"परवा सकाळच्या भरतीला निघायचं," एनिड म्हणाली. "डल्सी येतेय सोबत. तुझे गरम मोजे भरलेत."

"वा," क्लेमंट म्हणाला. "वा, वा."

घरी गेल्या गेल्या त्यानं रेडिओ लावला. हवामान सांगणाऱ्या माणसानं शांत आवाजात एकेक समुद्र घेत सांगितलं: वारा दक्षिणेचा, मध्यम, दृष्टी चांगली. मेला एनिडला फितूर झाला होता! क्लेमंटनं भिंतीवरच्या वायुभारमापकावर बोटानं टकटक केलं. काटा वर सरकला, म्हणजे हवा आणखी सुधारणार. होकायंत्र नवं होतं. पासपोर्ट एनिडच्या पर्समध्ये होते. त्यानं खोकून बघितलं. खोकला आला पण रंगला नाही. रात्री जेवताना त्यानं बहिणीचं हाड पुन्हा दुखत असावं असा विषय काढला.

"मी दुपारीच फोन केला होता," एनिड बटाटे वाढत म्हणाली. "ती बागेत फिरून आली."

सकाळी एनिड भाजी आणायला बाजारात गेली. क्लेमंटनं टेबलाच्या खणातून टोच्या काढला, बॅटरी घेतली आणि धक्क्याकडे निघाला. डल्सी होडीवर दोर गुंडाळत होती.

"काय गर्लिंग, कुणाचा खून करायला निघालास?"

"जरा आत नजर टाकतो. निघण्यापूर्वी टाकलेली बरी."

"अरे, ती पाण्यात आहे! पाण्यातल्या होडीला बाहेरून बघतात, आतून टोचत नाहीत."

"नियमानं तपासणी झालेली बरी," म्हणून क्लेमंट खाली उतरला. तक्ते उचलून तो होडीच्या पोटात रांगला. गेल्या वर्षीच्या जागा त्याला पाठ होत्या. देवळातल्या देवांना जसं क्रमानं नमस्कार करत जावं तसा तो एकेका फळीला टोचत निघाला. घट्ट. घट्ट. घट्ट. पुढल्या फळीपाशी त्याच्या कपाळाला घाम आला. इतकी निरोगी होडी म्हणजे छळच की! मग उजव्या बाजूला, कण्याजवळच्या फळीत, जिथे त्यानं वीस वर्षं नेमानं टोचलं होतं, तिथे टोच्या थोडासा आत गेला. क्लेमंटनं श्वास रोखला आणि तळहातानं मागून जोर दिला.

टोच्या मुठीपर्यंत आत गेला, आणि त्यानं तो उपसून काढला तसं बोटभर जाडीचं गार पाणी सरळ त्याच्या तोंडावर उडालं.

"सापडलं!" क्लेमंट ओरडला. "डल्सी! सापडलं! मी म्हणत नव्हतो? कुजलेय! आरपार कुजलेय!"

तेवढ्यात एनिड टोपली घेऊन धक्क्यावर पोचली होती. ओरडा ऐकून ती शिडीवरून खाली आली. नवरा पाण्यात बसला होता. केस कपाळाला चिकटलेले, चष्मा एका कानावर लोंबणारा, घोट्यांवर पाणी चढत चाललेलं. आणि त्याचा चेहरा! लग्नाच्या दिवशी हा माणूस इतका खूश नव्हता.

"एनिड, बघ! उद्या निघालो असतो तर भर समुद्रात... यंदा जाणं नाहीच आता. वाचलो!"

एनिडनं त्याच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. मग टोपलीतून एक चांगलं जाड गाजर निवडलं, वाकली, आणि ते भोकात ठोकून बसवलं. पाणी थांबलं. वरून डल्सी हसून हसून लोळायची बाकी होती.

"वीस वर्षं टोचतोयस एकाच जागी!" डल्सी डोळे पुसत म्हणाली. "अरे बाबा, लाकूड कुजलं नाही, तू त्याला कंटाळा आणलास! तुला कोणी रोज एकाच जागी टोचलं असतं तर तूही मऊ झाला असतास."

दुपारी ओहोटी लागली तशी लॅपविंग धक्क्याजवळच्या टणक रेतीवर टेकली आणि एका कुशीवर कलंडली. दोघी बायका गमबूट घालून खाली उतरल्या. एनिडनं बाहेरून गाजर कापलं, भोकावर डांबरात बुडवलेलं फेल्टचं जाड कापड बसवलं, त्यावर तांब्याच्या पत्र्याचं ठिगळ मारलं. खिळे तोंडात धरून ती एकेक ठोकत होती. क्लेमंट धक्क्यावरून वाकून बघत होता.

"ठिगळ? लॅपविंगला ठिगळ? लोक काय म्हणतील, एनिड? ही काय मासे ओढायची होडी आहे?"

एनिड ठोकत राहिली.

"विमा मंजूर होणार नाही. मला नियम ठाऊक आहेत. तात्पुरती डागडुजी करून परदेशी पाण्यात..."

"डल्सी, अजून चार खिळे दे गं," एनिड म्हणाली.

संध्याकाळी भरती आली, होडी सरळ झाली, आणि एनिडनं आत जाऊन हात फिरवून बघितला. थेंब नव्हता. रात्री जेवताना तिनं क्लेमंटला काही विचारलं नाही, आणि त्यानंही आपणहून काही सांगितलं नाही. तो वाट बघत होता तिनं विचारण्याची, आणि ती वाट बघत होती त्यानं सांगण्याची.

दुसऱ्या दिवशी सकाळी धक्क्यावर निम्मा क्लब हजर होता. दोन होड्या आधीच सुटल्या होत्या. ज्यांना कंबरदुखी, नातवाचं बारसं, मुलीचं लग्न वगैरे होतं ते निरोप द्यायला थर्मास घेऊन उभे होते. बेसिल होता, त्याची बायको मार्जरी होती. दक्षिणेचा वारा अगदी रेडिओतल्या माणसानं सांगितल्याबरहुकूम वाहत होता. डल्सीनं मोठं शीड वर चढवलं होतं आणि ते फडफडत होतं. एनिड सुकाणूपाशी बसली होती.

क्लेमंट आला. पिवळा रेनकोट, वर जीवरक्षक जाकीट, त्याला अडकवलेली शिट्टी, खांद्यावर थैली. सुरक्षा समितीनं छापलेल्या चित्रातला माणूस जसा असतो तसा, एकही बंद चुकलेला नाही. धक्क्याच्या कडेला येऊन तो थांबला. त्याचा एक पाय उचलला गेला, आणि होडी लाटेनं जराशी हलली तसा परत जागेवर आला.

"क्लेमंट, चढतोस ना?" एनिडनं विचारलं.

"मी काय म्हणतो, एकदा त्या ठिगळाला चोवीस तास पाण्यात ठेवून..."

"ठिगळ बरं आहे."

"हो, पण वारा दुपारनंतर..."

"वारा बरा आहे. क्लेमंट, माझ्याकडे बघ. दांड्याकडे नको, माझ्याकडे. ओहोटी लागायच्या आत मला निघायला हवं. तू येतोस का नाही, ते सांग. आणि येत नसशील तर का, ते सांग. लाकडाचं नाव काढायचं नाही."

क्लेमंटनं तोंड उघडलं. डोलकाठी, होकायंत्र, बहीण, खोकला, सगळे जिभेवर येऊन उभे राहिले, पण एकालाही बाहेर पडायचा धीर होईना. मागे दांड्यावर लाटा फुटत होत्या, तो आवाज त्याच्या कानांत घुमत होता. वीस वर्षं दर शनिवारी घुमायचा, तसाच.

"मला भीती वाटते," तो म्हणाला. आवाज इतका लहान निघाला की त्याचाच त्याला ओळखू येईना. "त्या दांड्यापलीकडची. मला पहिल्यापासून भीती वाटते, एनिड."

एनिडच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झाला. ती बहुधा काहीतरी मायेचं बोलणारही होती. पण तेवढ्यात बेसिलनं मोठा सुस्कारा सोडला.

"चला! बोललास एकदाचा, शाब्बास! सुटलो बुवा सगळे."

एनिड वळली. "सुटलो म्हणजे? बेसिल, तुम्हांला ठाऊक होतं?"

"अं... म्हणजे तसं... ठाऊक असं नाही..." बेसिलनं मार्जरीकडे बघितलं. मार्जरीनं थर्मासच्या झाकणाकडे बघितलं. "सगळ्यांनाच होतं की, एनिड. बोयाला वळताना त्याचा चेहरा बघितला की कळायचंच."

"कधीपासून?"

"पहिल्या वर्षापासून असेल."

"आणि मला कोणी बोललं नाही?"

"अगं, असं कसं बोलणार?" बेसिल कळवळून म्हणाला. "नवराबायकोच्या मध्ये... आणि तो इतका चांगला माणूस. बरं दिसत नाही ते."

एनिडनं शिडाच्या दोराशी उभ्या असलेल्या डल्सीकडे बघितलं. डल्सीच्या तोंडातली सिगारेट विझलेली होती.

"तुलासुद्धा, डल्सी?"

"मला वाटलं तुला माहीत आहे," डल्सी म्हणाली. "मला वाटलं, तू त्याला सांभाळून घेतेयस."

एनिड उठून उभी राहिली. होडी डुलली, पण ती डुलली नाही.

"सांभाळून? वीस हिवाळे मी ही होडी खरवडत बसले! मला वाटलं खोट लाकडात आहे!" तिचा आवाज चढला. धक्क्यावर आवाज चढवायची आमच्याकडे पद्धत नाही, शर्यत सोडली तर. "क्लेमंट, तू पहिल्याच वर्षी 'भीती वाटते' म्हणाला असतास, तर मी हसले असते. खोटं कशाला बोलू, पोटभर हसले असते. आणि मग दुसऱ्या कोणाच्या होडीत बसून समोर जाऊन आले असते. वीस वेळा जाऊन आले असते, गुडघे धड होते तेव्हा! आणि तू घरी बसून तुझे चमचे पुसले असतेस. कोणाचं काय बिघडलं असतं?" तिनं धक्क्यावरच्या एकेकाकडे बघितलं. "बरं दिसत नाही म्हणे! माझी सगळी उमेद वॉर्निशात गेली, ते बरं दिसलं होय रे मेल्यांनो?"

एकानं आकाशाकडे बघितलं. दुसऱ्यानं घड्याळाला चावी दिली. शेवटी बेसिल म्हणाला, "वारा मात्र छान आहे."

"दोर सोड, क्लेमंट," एनिड खाली बसत म्हणाली.

दोर क्लेमंटच्या हातात होता, कधी घेतला ते त्यालाही आठवत नव्हतं. "एनिड, ऐक, जाकीट तरी घालून..."

"सोड."

त्यानं सोडला. लॅपविंग धक्क्यापासून सुटली, शीड भरलं, आणि तांब्याचं ठिगळ पाण्याखाली घेऊन ती खाडीच्या मधोमध निघाली. शेवटचा बोया आला. क्लेमंटचे हात आपसूक सुकाणू फिरवल्यासारखे हलले. होडी वळली नाही. दांड्यावर तिचं नाक खाली गेलं, फेस उडाला, पुन्हा वर आलं, पुन्हा खाली गेलं, आणि मग ती पलीकडे होती. पलीकडून एनिडचं हसू ऐकू आलं, का तो डल्सीचा आवाज होता, सांगता येत नाही.

धक्क्यावरचे लोक हात हलवत होते. क्लेमंटचे पाय खाली लाकडी फळ्यांवर घट्ट होते आणि फळ्या हलत नव्हत्या. आपण त्या होडीत नाही याचं त्याला इतकं हायसं वाटलं, इतकं पोटातून हायसं वाटलं, की डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. भीतीची त्याला वीस वर्षांत कधी एवढी लाज वाटली नव्हती, जेवढी त्या हायसं वाटण्याची वाटली.

मार्जरीनं ते पाहिलं आणि तिचा जीव कळवळला. तिनं जवळ येऊन त्याचा हात थोपटला. "असं करू नका हो, क्लेमंट. येईल ती परत. किती जीव आहे तुमचा तिच्यावर!"

क्लेमंटनं नाक पुसलं, रुमालाची चौकोनी घडी घातली, आणि तिला तसंच वाटू दिलं.